जुनी पिकअप किंचाळते तेव्हा आधी विचारा: केव्हा?

माझी पिकअप २००९ ची, अडीच लिटर डिझेल इंजिनाची. आंबिया बहार निघाला की ती काटोलकडच्या बागांमधून संत्री उचलते आणि पहाटे नागपूरच्या कळमना मार्केटात नेऊन टाकते. बाकीचं वर्ष सिमेंट, किराणा, लग्नाचे मंडप, जे भाडं मिळेल ते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एका पहाटे सेल्फ मारल्याबरोबर ती किंचाळली. दहा-पंधरा सेकंद अख्खी गल्ली जागी होईल असा ‘चींऽऽ’, मग एकदम गप्प. जवळच्या मिस्त्रीनं सांगितलं, इंजिनाच्या पुढचा फॅन बेल्ट गेला. नवा टाकला. बारा दिवस शांततेत गेले आणि पुन्हा तेच. दुसरा बेल्ट. महिन्याभरात तिसरा.

तिसराही ओरडायला लागला तेव्हा कामठी रोडवरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच हात वर करून थांबवलं. म्हणाले, “आवाज कुठून येते ते मी पाहतो न भाऊ. तू फक्त केव्हा येते ते सांग.” मी आठवून आठवून सांगितलं: सकाळी थंड असताना, हेडलाइट लावला की जास्त, आणि बेल्ट नवा असला की आठ-दहा दिवस अजिबात नाही. त्यांनी बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे हात घातला आणि बोटं माझ्यासमोर धरली. काळं, पातळ इंजिन ऑइल. अल्टरनेटरच्या पाठीवर ब्रेकला मदत देणाऱ्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, त्याचं सील गळत होतं. तेल थेंबाथेंबानं पुढे सरकत बेल्ट फिरतो त्या पुलीवर यायचं आणि नवा बेल्ट आठवड्याभरात तेलकट होऊन घसरायचा. सील बदललं, पुल्या धुतल्या, चौथा बेल्ट टाकला. तो पुढे अडीच वर्षं चालला.

त्या दिवसापासून गाडीत एक वही ठेवतो. आवाज आला की जागा शोधायच्या आधी वेळ लिहितो. इंजिनाच्या खोलीत, चाकांच्या मध्ये, चेसिसच्या पोकळीत आवाज इतका फिरतो की कान हमखास फसतो. डावीकडून आल्यासारखा वाटणारा आवाज उजव्या चाकाचा निघतो. केव्हा येतो, हे मात्र फसवत नाही. पुढची सगळी पद्धत त्या एका प्रश्नावर उभी आहे.

पहिलं काम: उभ्या गाडीचा आवाज की चालत्या?

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना मागेपुढे विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. गळ्यातला दुपट्टा काढून गाडीत ठेवा. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात तो गळ्यात असतोच आणि फिरत्या फॅनला तो ओढून घ्यायला क्षण पुरतो. अंगठी, कडं, सैल बाह्या, सगळंच दूर.

आता न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा. आवाज आला, तर तो इंजिनाचा किंवा क्लच-गिअरबॉक्सचा. रेस वाढवल्यावर त्याचा सूर चढला तर नक्कीच. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल तर ती चालवून पाहावी लागेल.

त्यासाठी मोकळा सरळ रस्ता हवा. मी पहाटे मिहानमधल्या आतल्या रस्त्यांवर जातो. ताशी ४० च्या आसपास वेग घ्या, आवाज येऊ द्या आणि मग गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळू द्या. इंजिन मात्र बंद करू नका, नाहीतर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाईल. रेस खाली आल्याबरोबर आवाज खाली आला तर तो इंजिनाशी बांधलेला. रेस पडूनही आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगासोबत हळूहळू मंदावत गेला, तर चाकं, ब्रेक किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा. एवढ्या एका चाचणीनं अर्धी गाडी तपासातून बाद होते.

वहीत पुढच्या गोष्टी त्याच वेळी टिपून ठेवा: इंजिन थंड की गरम, गाडी रिकामी की भरलेली, पाऊस किंवा धुणं झालं होतं का, ब्रेक-क्लच-स्टिअरिंग यांपैकी कशावर पाय किंवा हात होता, वळण कोणतं होतं. मिस्त्रीकडे गेलात की हेच पान त्याच्यासमोर ठेवा. चांगला मिस्त्री असेल तर त्याचा अर्धा तास वाचतो.

फॅन बेल्ट: सगळ्यात जास्त ओरडणारा, सगळ्यात कमी दोषी

उभ्या गाडीच्या किंचाळ्यांमध्ये बहुतेक वेळा बेल्टचाच आवाज असतो. पण बेल्ट ओरडतो म्हणजे तो कशावरून तरी घसरतो आहे, आणि घसरण्याची कारणं अनेक.

थंडीत पहाटेच का, हे आधी समजून घेऊ. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. रबर आखडलेलं असतं. सेल्फनं नुकतीच बॅटरी ओढलेली असते, त्यामुळे इंजिन सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं ती भरायला लागतो आणि फिरायला जड होतो. सैल बेल्ट त्या क्षणी पुलीवर घसरतो. बॅटरी थोडी भरली, रबर तापलं की आवाज बंद. म्हणून किंचाळी दहा सेकंदांवरून मिनिटावर गेली असेल तर बेल्टसोबत बॅटरीही पाहा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. थकलेली बॅटरी अल्टरनेटरला सतत राबवते आणि शिक्षा बेल्टला होते.

तपासायचा क्रम असा ठेवा.

इंजिन आयडलवर असताना हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं एकदम चालू करा. आवाज सुरू झाला किंवा वाढला तर अल्टरनेटरचा बेल्ट घसरतो आहे. पॉवर स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग एका टोकाला नेऊन दोन सेकंद धरा, त्याहून जास्त नाही. त्या वेळी किंचाळी उठली तर स्टिअरिंग पंपाचा बेल्ट. किंचाळीऐवजी म्हशीच्या कण्हण्यासारखा घूंऽऽ असा आवाज आला तर बेल्टाचं सोडा, आधी स्टिअरिंग ऑइलची पातळी बघा.

मग पाण्याची चाचणी. पाण्याची फवारणीची बाटली घ्या, तीच जी सलूनमध्ये केसांवर मारतात. इंजिन आयडलवर ठेवून बाजूला उभं राहा, बेल्टच्या रेषेत नाही. बेल्टच्या आतल्या बाजूला थोडंसं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा झिजला आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, विशेषतः तो लांब किंचाळीऐवजी चिमणीसारखा चिव-चिव असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवा. तिरकी पुली असताना बेल्ट कितीही ताणला तरी चिवचिव जात नाही, उलट बेल्टच्या कडा लवकर फाटतात.

इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि बेल्ट हातात घ्या. जुन्या गाड्यांना व्ही आकाराचा बेल्ट असतो. त्याच्या बाजू पाहा. आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो भाजला आहे, आता घट्ट करून फारसा उपयोग नाही. व्ही बेल्टनं पुलीच्या खाचेला दोन्ही बाजूंनी धरायचं असतं, तळाला टेकायचं नसतं. खाचेचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट किंवा पुली इतकी झिजली आहे की बेल्ट खाली बसला, आणि मग पकड राहत नाही. नव्या गाड्यांच्या अनेक रेघांच्या चपट्या बेल्टची गोष्ट वेगळी. आताचं रबर सहसा तडकत नाही, त्यामुळे तडे नाहीत म्हणून तो चांगला असं समजू नका. त्याच्या रेघांची खोली किती उरली ते बघा.

ताण पाहायला दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं जोरात दाबा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर व्ही बेल्टसाठी ठीक. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. त्याहून जास्त दबत असेल तर अल्टरनेटरचा खाचेतला बोल्ट सैल करून अल्टरनेटर टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) हळू बाहेर घ्या आणि बोल्ट आवळा. टॉमी अल्टरनेटरच्या मजबूत कानाशी लावा, मागच्या व्हॅक्यूम पंपावर कधीच नाही. आणि वीणेच्या तारेसारखा ताणू नका. जास्त ताणलेला बेल्ट ओरडत नाही, पण वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. नवा व्ही बेल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतो आणि थोडा सैल होतो, तेव्हा एकदा पुन्हा ताण तपासणं हा कामाचाच भाग आहे. माझ्या पाहण्यात नव्या बेल्टच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

बेल्टवर साबण, मेण, पावडर किंवा चिकट स्प्रे मारायची सवय आपल्याकडे जुनी आहे. आवाज थांबतो, हे खरं. पण त्या थराला धूळ चिकटते, आणि शहरातले सिमेंट रोड नि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्या राखेच्या ट्रकांमागे फिरणाऱ्या गाड्यांना धुळीची काय कमी? महिन्याभरात बेल्ट पॉलिश पेपरसारखा पुली घासायला लागतो. तेल लागलेला बेल्ट धुऊन वापरणंही वाया जातं, रबर तेल पिऊन फुगलेलं असतं. तेल कुठून आलं ते शोधा, ते बंद करा, पुल्या स्वच्छ करा आणि मग नवा बेल्ट टाका. याच क्रमानं.

बेल्ट काढून पाहण्याची चाचणी

ताण बरोबर, बेल्ट चांगला, तरी आवाज आहे? मग बेल्ट काढा आणि इंजिन फक्त २०-३० सेकंद चालवा. त्याहून एक सेकंदही जास्त नको, कारण वॉटर पंप फिरत नसतो. आणि बेल्टशिवाय गाडी जागेवरून हलवायची नाही. ज्या गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर आहे तिथे बेल्ट नाही म्हणजे थोड्याच वेळात ब्रेकची मदत नाही. पेडल दगडासारखं कडक होतं.

आवाज गेला, तर बेल्टवर चालणाऱ्या वस्तूंपैकी एक. आवाज राहिला, तर तो क्लच, टर्बो किंवा धुराच्या जोडाचा आहे का ते पुढे सांगतो तसं पाहा; त्यांतला नसेल तर इंजिनाच्या आतला, आणि तिथे घरी हात घालू नये.

बेल्ट उतरलेलाच आहे तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली हातानं फिरवा. हे काम घाईत करू नका, डोळे मिटून केलं तरी चालेल, कारण सगळं बोटांना कळतं. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. गेलेलं बेअरिंग बोटांना रवाळ लागतं, आत वाळूचे कण दळल्यासारखं. व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर थोडा जड फिरतो, त्याला दोष समजू नका. वॉटर पंपाची पुली धरून आडवी-उभी हलवा, जराही खेळ असेल तर पंप संपला. त्याच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं. तिथे कूलंटचा हिरवट-पांढुरका थर वाळलेला दिसला तर सील गळतं आहे आणि गळतं पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतं. नवतप्यात, पारा ४५ च्या वर असताना, हा पंप वाटेत बसला तर इंजिन तापून हेडचं काम निघतं. तो बदलायला थांबू नका.

मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकतात. अनुभवी हाताला ते जमतं. तुम्ही मात्र हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ, दुसरं संशयित भागाजवळ. फॅनपासून दूर राहता येतं आणि आवाज कुठे जाड होतो ते ऐकू येतं.

क्लच, टर्बो आणि धूर

हे पटकन सांगतो, कारण ओळख सोपी आहे. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. पहिलं क्लच-प्लेटच्या कामात बदलून होतं, दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो, म्हणून खर्चाचं बोलणं करण्याआधी हा फरक स्वतः तपासा.

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीची हलकी शिट्टी स्वाभाविक असते. ती सायरनसारखी वाढली, सोबत काळा धूर आणि चढावर दम कमी, तर आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप पाहा. फाटलेल्या किंवा क्लॅम्प ढिल्या पाइपाभोवती तेलाचा ओला डाग दिसतो. इंजिन थंड असताना चिक-चिक-चिक आणि गरम झाल्यावर कमी, सोबत मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर काजळी, तर सायलेन्सरकडच्या गॅस्केटमधून धूर निसटतो आहे. बाहेरून हा आवाज अगदी बेल्टसारखा वाटतो. त्यात कितीतरी बेल्ट बदलले गेले असतील.

ब्रेकचा आवाज: इथे वेळ काढा

चालत्या गाडीचा सगळ्यात सामान्य आवाज ब्रेकचा, आणि इथे चूक महाग पडते. पुन्हा तोच प्रश्न: केव्हा?

ब्रेक न दाबता पुढून बारीक, उंच सूर येतो आणि ब्रेकवर पाय ठेवला की थांबतो किंवा बदलतो. हा डिस्क पॅडचा इशारा आहे. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासून बोलू लागते. ती तुमच्याशी बोलते आहे, तिला गप्प करू नका. त्याच आठवड्यात पॅड बदला.

दाबल्यावरच आवाज येतो, तर पॅड भाजून कडक झालेलं असतं, डिस्कवर रेघा असतात किंवा पॅडच्या पाठीवरचं नि कॅलिपरच्या पिनांचं ग्रीस वाळलेलं असतं. या पिनांना ब्रेकसाठीचंच, जास्त उष्णता सोसणारं ग्रीस लागतं, चाकाचं साधं नाही. मागच्या ड्रममध्ये बहुतेक वेळा लाइनरची (ड्रमला घासणाऱ्या अस्तराची) भुकटी साचलेली असते. ड्रम काढला की आत राखाडी पिठासारखा थर दिसेल. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडानं फुंकू तर नकाच. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या कपड्यानं पुसा, पाण्यानं धुवा. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांनाही हे सांगा, आपल्याकडे कोणी सांगत नाही.

लाइनर रिव्हेटचं असेल तर रिव्हेटची डोकी लाइनरच्या पृष्ठभागापासून किती खोल आहेत ते बघा. डोकी जवळजवळ वर आली असतील तर ती लवकरच ड्रम कापणार. चकचकीत झालेलं लाइनर पॉलिश पेपरनं घासून काही दिवस आवाज थांबतो, पण ती तात्पुरती सोय. नवीन पॅड किंवा लाइनर टाकल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, त्या काळातला थोडा आवाज चालतो.

दाबा किंवा सोडा, आवाज येतच राहतो आणि एक चाक इतरांपेक्षा तापतं, तर ब्रेक सुटत नाही. गाडी थोडी चालवून थांबवा आणि चारही चाकांच्या मध्यावर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. हात लावू नका. एका ठिकाणी पाणी चर्र करून उडालं आणि बाकी ठिकाणी नुसतं ओघळलं, तर ते चाक. कॅलिपरचा पिस्टन, आखडलेल्या पिना किंवा गंजून ओढलेली राहिलेली हँडब्रेकची वायर, यांपैकी काहीतरी. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर डिस्कवर गंज चढतो आणि सकाळचे पहिले पाच-सात ब्रेक खरखरतात. तो जाऊ द्या, लगेच निघून जातो.

गिट्टीच्या रस्त्यावरून आलात आणि अचानक पत्रा कापल्यासारखी किंचाळी सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला असेल. गाडी थोडी रिव्हर्स घ्या, पुढे घ्या, बऱ्याचदा पडून जातो. न पडला तर चाक काढून पत्रा हलकेच वाकवा.

किंचाळीचा सूर जाऊन घर्र-घर्र, लोखंडावर लोखंड असा आवाज आला की गाडी तिथेच उभी करायची. भरलेली गाडी घेऊन ‘मार्केटापर्यंत तरी नेतो’ हा विचार मनात आणू नका. पॅडचा पत्रा डिस्कला लागला आहे, आणि त्या पकडीवर दीड टनाचा माल थांबत नाही. आवाज थांबावा म्हणून ब्रेकवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, ब्रेकची ही तपासणी त्याच्या आधी महिनाभर केली की शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.

चाकाचं बेअरिंग

हा आवाज किंचाळीपेक्षा गुणगुणण्यासारखा असतो, वेगासोबत वाढणारा. ग्रीस पूर्ण सुकलं की मात्र तो चिरका होतो. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगानं हलकेच उजवीकडे, मग डावीकडे वळवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. मग ते चाक उचला. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. एका हातानं चाक फिरवा आणि दुसरा हात जवळच्या कॉइल स्प्रिंगवर किंवा नकलवर (चाक धरणाऱ्या भागावर) ठेवा. खराब बेअरिंगचा खरखरीतपणा त्या हाताला जाणवतो. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट लागली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. बदलताना आतली-बाहेरची दोन्ही बेअरिंगं आणि सील सोबत घाला.

खड्ड्यातली कुरकुर

फक्त खड्ड्यावर, गतिरोधकावर, किंवा माल चढवताना कुई-कुई होत असेल तर कमानपाटे (लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगा) आणि त्यांना चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश. खात्री करायची तर एकानं मागच्या हौद्यावर चढून उड्या माराव्यात, दुसऱ्यानं बाजूला बसून एकेका सांध्यावर पाणी मारावं. ज्या सांध्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तो सांधा. ग्रीस निपल असेल तर ग्रीस मारा. रबरी बुश असेल तर ग्रीस, डिझेल किंवा जळकं ऑइल लावू नका, त्यानं रबर फुगून फाटतं. सिलिकॉनचं ग्रीस चालतं, पण फाटलेला बुश बदलणंच बरं. पाट्यांमधली कुरकुर घातक नसते. मात्र ऐकताना पाट्यांवर एकदा टॉर्च मारा, तुटलेलं पान असंच सापडतं.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण वहीचा खरा उपयोग मला इथे कळला. गेल्या मृग बहाराच्या वेळचं पान असं आहे: “चूं-चूं-चूं. वेग १५ ते २५. भरलेली असताना स्पष्ट, रिकामी कमी. ब्रेक दाबला तरी तोच. वळणानं फरक नाही. न्यूट्रलमध्येही राहतो. फार जलद.”

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. ब्रेकमुळे बदल नाही, म्हणजे पॅड-लाइनर नाही. वळणानं बदल नाही, म्हणजे चाकाच्या बेअरिंगची शक्यता कमी. उरला आवाजाचा ठेका. माझ्या गाडीचं चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जातं. ताशी २० च्या वेगाला ते सेकंदाला अडीच फेरे मारतं, म्हणजे चाकातला आवाज आरामात मोजता येतो. डिफरन्शिअलमुळे प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या चार-पाच पट वेगानं फिरतो, सेकंदाला दहाच्या वर. त्याचे आवाज एकामागोमाग इतके लागतात की बोटांवर मोजताच येत नाहीत. मोजता आला तर चाक, मोजता येत नसेल तर शाफ्ट.

गाडीला ठोकळे लावून खाली गेलो. मागच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती बारीक लाल भुकटी पसरली होती, तिखट सांडल्यासारखी. टोपीच्या आत सुयांएवढे रोलर असतात. ग्रीस संपलं की ते एकमेकांवर गंजून घासतात आणि हीच भुकटी बाहेर टाकतात. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलट-सुलट पिळला, खेळ अगदी थोडा होता. म्हणून आधी ग्रीस गन लावली. चांगल्या क्रॉसला ग्रीस मारलं की चारही टोप्यांच्या कडांतून ते बाहेर यायला हवं, आधी जुनं काळं, मग नवं स्वच्छ. मी मारत गेलो. तीन टोप्यांतून आलं. भुकटीच्या टोपीतून आलंच नाही.

आवाज त्या संध्याकाळी बंद झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरायच्या आधी क्रॉस बदलून घेतला.